संडास जोडणीसह

रविवार, ४ ऑगस्ट १९९१

प्रिय जीवराम,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमनला घाई होती म्हणून तो ते आपल्या धनसिंगच्या ओट्यावर टाकून गेला आणि धनसिंगने स्वतः आणून दिलं. देताना म्हणाला, धुळ्याहून आलंय, नीट वाच. पत्र चिकटवलेलंच होतं, पण आत काय आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी ते तीनदा वाचलं. एकदा गोठ्यात, एकदा देवघरात, आणि तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेली. त्यानंतर मी तीन दिवस थांबलो. रागात लिहायचं नव्हतं. राग उतरला असं म्हणणार नाही, पण आता लिहायला बसलो आहे.

आधी घरचं लिहितो. पाऊस बेताचाच आहे. कपाशी गुडघ्याला लागली, निंदणी एकदा झाली. केळीने यंदा बरा जोर धरला आहे. सातपुड्यावर रोज दुपारी ढग चढतात आणि आपल्याला न विचारता मध्य प्रदेशात उतरतात. तुझी वहिनी बरी आहे. तुझी नात, सुनंदाची पोर, तीन महिन्यांची झाली, मान धरायला लागली, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या भटूचं लग्न झाल्यावर चार वर्षं तुम्ही किती काळजीत होता ते मला माहीत आहे. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला सुनंदाने देवीपुढे पदर पसरून मागणं मागितलं आणि या मे महिन्यात पोर झाली. यंदा तिला घेऊन नवस फेडायला यायचंय, हे तू लिहिलंस. ते अर्धं पत्र मी किती आनंदाने वाचलं! उरलेलं अर्धं पत्र तू लिहिलं नसतंस तर फार बरं झालं असतं.

तुला कुणी काय कळवलं ते मला माहीत नाही, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहितो. ज्येष्ठात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटर बसला. सरकारी योजनेतून कुणाला काय मिळालं त्याची यादी भिंतीवर रंगवायची, असं वरून पत्र आलं होतं. कुणाला निर्धूर चूल, कुणाला घरकुल. सातव्या ओळीत माझं नाव आलं, आणि नावापुढे पेंटरने निळ्या अक्षरात लिहिलं: ‘गोबरगॅस, संडास जोडणीसह’. त्यापुढे अनुदानाचा आकडा. पेंटरचा काही दोष नाही, त्याला दिलेल्या कागदावर तेच होतं. धनसिंगने ती ओळ पारावरच्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि संध्याकाळच्या आत आपल्या भावकीच्या अकराही घरांत माहीत झालं की लीलाधरच्या घरात ज्या गॅसवर स्वयंपाक होतो त्यात संडासातलंही जातं.

दोन दिवसांनी भावकीतले थोरले म्हणून लोटन आबांनी मला ओट्यावर बोलावलं. सगळे आधीच येऊन बसले होते. आबांचं वय तुला माहीत आहे, ऐंशीच्या पुढे गेले, पण आवाज तोच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पाणी द्यायला लावलं, माझ्या बैलाची चौकशी केली, आणि मग म्हणाले की कानबाई तीन पिढ्या तुमच्या घरात बसते, तिला ज्यात बसवतो तो नारळ, तिची नथ तुझ्या देवघरात आहे, तुझ्या घरच्या आगीवर देवीच्या पोळ्या, रोट होतात आणि ते आपण सगळे खातो. गेल्या वर्षी गॅस निव्वळ शेणाचा होता, शेणाला कुणाची हरकत नाही, शेणाने आपण देवघरही सारवतो. पण हे असलं कानबाईला चालायचं नाही. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “लीलाधर, तू फक्त नही म्हन. जोडेल नही शे, आसं म्हन. बाकीनं आमी देखी लेसूत.”

मी काहीच बोललो नाही. आबांसमोर मी कधी तोंड वर करून बोललो नाही, तूही नाही. पण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला. कुणीतरी चहा सांगितला. धनसिंग मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, अरे सरकारचे पाचशे रुपये जास्तीचे मिळत असतील तर कागदावर कोण नाही लिहीत, आजूबाजूच्या तीन गावांत नुसती संडासाची भांडी बसवून ठेवली आहेत, एकात तर कोंबड्या बसतात. सगळे हसले. मी चहा घेतला आणि घरी आलो.

आता तूही तेच लिहिलंस. तुझी अक्षरं सरळ आणि शाई चांगली, एवढाच फरक. तू लिहितोस की आबांना फक्त एक शब्द हवा आहे, तो देऊन टाक, प्रत्यक्षात काय आहे ते कोण उकरून पाहणार. आणि तेवढंही जमत नसेल तर कानबाईचा नारळ अठरा तारखेच्या आत धनसिंगच्या घरी पोचता कर, आम्ही पोरीला घेऊन तिथे येऊ. जीवराम, तू सरकारी कचेरीत बसतोस, खोट्या कागदावर सही करणाऱ्या लोकांबद्दल तूच मला किती वेळा तावातावाने सांगितलं आहेस. माझा गुन्हा काय, तर मी कागदावर लिहिलं तेच जमिनीत केलं. मी सरकारला फसवलं असं चारचौघांत कबूल केलं तर माझ्या घरी कानबाई बसेल, आणि खरं बोललो तर उठेल. हे मी कितीही वेळा मनात फिरवून पाहिलं, मला ते देवीचं वाटत नाही. ते आपल्या माणसांचं वाटतं.

हा गॅस मी का बांधला तेही ऐक, कारण ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू नोकरीला धुळ्याला गेलास तेव्हा माय अजून हिंडतफिरत होती. तिच्या शेवटच्या वर्षांत तू सुट्टीला यायचास तेव्हा ती तुला दारातच ‘जीवराम, आलास का’ म्हणायची आणि तुला वाटायचं तिला दिसतंय. तिला दिसत नव्हतं. ती तुझ्या चपलांचा आवाज ओळखायची. चाळीस वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात कपाशीची पऱ्हाटी जाळली, आणि आपलं धाब्याचं घर, वर मातीचं छत, त्यात हातभर झरोका. पावसाळ्यात तोही पत्रा टाकून बंद. ओली पऱ्हाटी पेटत नाही, नुसती धुमसते. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, असेलही. पण तिच्या मागोमाग तुझी वहिनी त्याच जागी बसली आणि तिचेही डोळे तसेच लाल राहायला लागले, खोकला तसाच, पहाटेचा. ती पाटावर बसून भाकरी थापायची आणि दर भाकरीमागे तोंड खांद्याकडे वळवून पदराने डोळे पुसायची. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. मला एका दिवशी अचानक दिसलं, की माय अगदी असंच करायची.

म्हणून पंचायत समितीत अर्ज दिला. अनुदान होतं म्हणूनच दिला, नाहीतर माझ्यासारख्याच्या हातून हे होणं नव्हतं. तालुक्याचे साहेब पाहणीला आले, गोठ्यात जाऊन त्यांनी जनावरं मोजली. दोन बैल, एक म्हैस. वगार लहान म्हणून त्यांनी धरली नाही. म्हणाले, चार मोठी जनावरं लागतात, तीनच्या शेणावर तुमच्या घराचा गॅस पुरायचा नाही, मंजूर करता येत नाही. तेव्हाही धनसिंगच मदतीला आला होता, हे तुला त्याने सांगितलं नसेल. म्हणाला, माझी म्हैस पुढच्या पाहणीच्या दिवशी तुझ्या गोठ्यात बांध, संध्याकाळी घेऊन जाईन. गावात असंच करतात. एकच म्हैस चार गोठ्यांत मोजली गेली आहे. मी नको म्हणालो. त्याला वाटलं मी शिष्टपणा करतो. तसं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की साहेब मोजतील ती म्हैस शेण मात्र धनसिंगच्या घरी टाकणार, आणि तुझ्या वहिनीपुढे शेगडी अर्धवट पेटणार.

मग साहेबांनीच दुसरा मार्ग सांगितला. संडास बांधा, तो जोडा, तेवढ्याने चौथ्या जनावराची भर निघते, आणि वर जास्तीचं अनुदान आहे. तीन दिवस विचार केला. मी काही मोठा माणूस नाही, सातवीपर्यंत शिकलो, रोज सकाळी पोथीची दोन पानं वाचतो आणि संध्याकाळी मारुतीला जातो, एवढीच माझी भक्ती. त्या तीन दिवसांत मला सारखा प्रश्न पडत होता की ज्या जाळावर मी देवाला नैवेद्य करणार तो जाळ कशाचा असावा. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, आधी संडास झाला तर बरं होईल. बस्स, तेवढंच म्हणाली. एवढी वर्षं मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

बायकांची गोदरी, बाहेर बसायची जागा, कुठे आहे ते तुला माहीत आहे, चोपड्याच्या रस्त्याच्या कडेला. आपण लहान असताना तो गाडीरस्ता होता. आता रात्रंदिवस केळीचे ट्रक जातात. दिवा आला की सगळ्या बायकांनी उठून उभं राहायचं, मान खाली घालून, ट्रक जाईपर्यंत. मग पुन्हा बसायचं. मग दुसरा ट्रक. तुझ्या वहिनीचा डावा गुडघा गेली पाच वर्षं वाकत नाही. तिचं उठणं-बसणं कसं होत असेल हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. बायका आपापसांत बोलतात आणि आपण ऐकत नाही. तूही ऐकलं नाहीस, कारण तुझ्या बायकोला लग्नानंतर दोनच वर्षं ते करावं लागलं, मग तू तिला धुळ्याला नेलंस.

मी संडास बांधला, आणि पाइप जोडला. गवंड्याच्या हाताखाली चर मीच खणला. जोडायच्या दिवशी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून जोडला, चोरून नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा शेगडी पेटली त्या दिवशी तुझी वहिनी बराच वेळ त्या निळ्या जाळाकडे बघत राहिली. तिने हात वर धरला, झटकन मागे घेतला, आणि हसली. मग भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या भाकरीला तिने सवयीने तोंड खांद्याकडे वळवलं, पदर डोळ्याला लावला, आणि पदर कोरडाच. तेव्हा ती रडली. मी बाहेर गेलो. ते तिला एकटीला रडू द्यावं असं वाटलं.

आता तुला दोन गोष्टी विचारतो, रागावू नकोस. तुझ्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर आणि संडास यांच्यामध्ये एकच चार इंचांची भिंत आहे. पंचवीस वर्षं तिथे तुझी प्रमिला गणपतीचे मोदक करते. आबा तुझ्याकडे आठ दिवस राहून आले, जेवले, तृप्त होऊन आले. ती भिंत त्यांना चालली, कारण ती शहरातली आहे. दुसरं, माझ्या गॅसच्या टाकीतून जी मळी निघते ती गेल्या सहा महिन्यांपासून धनसिंग बैलगाडीने नेतो. मी एक पैसा घेत नाही. त्याच्या केळीचे घड यंदा माझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि कानबाईच्या चौरंगाला जे केळीचे खांब लागतात ते त्याच्याच बागेतून यायचे ठरले आहेत. मळी चालते, केळी चालते, त्या मळीवर वाढलेला खांब देवीच्या डोक्यावर चालतो. फक्त एका बाईच्या चुलीत तेवढं चालत नाही. मी हे धनसिंगला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, नाना, तुम्ही फार खोलात जाता. मी म्हणालो, खोलात तर तूच जातोस, बादली घेऊन.

मधल्या काळात आबांकडून आणखी एक निरोप आला, आणि तो आला तेव्हा मी ठरवलं की आता लिहायचंच. कुणीतरी त्यांना सांगितलं की मळी टाकीत जुनी होत जाते, म्हणून महिनाभर संडास बंद ठेवला तर गॅस शुद्ध होईल. नागपंचमीला दहाच दिवस उरले, म्हणून यंदा कानबाई धनसिंगकडे, आणि पुढच्या वर्षापासून दर चातुर्मासात संडासाला कुलूप लावायच्या अटीवर पुन्हा माझ्याकडे. त्यांना वाटलं त्यांनी फार मोठं मन दाखवलं. त्यांच्या परीने दाखवलंही असेल. चातुर्मास म्हणजे पावसाळा, जीवराम. चिखल, काळोख, विंचूकाटा, आणि चोपड्याचे ट्रक. त्या चार महिन्यांत तुझ्या वहिनीने कुठे जायचं हे एकाही माणसाने विचारलं नाही. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने स्वतःच उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आबांच्या निरोप्यासमोर उभी राहून बोलली. “आबास्ले सांगजो, मना डोया आते कोठे निवनात. मी आते बाहेर नही जाऊ.” डोळे आता कुठे निवले म्हणाली, पण तिचा आवाज चढला नाही. तो माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन परत गेला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. आबांना, तुला, सगळ्यांना वाटतं आहे की मी पाइप या वर्षी जोडला, कारण भिंतीवर नाव या वर्षी आलं. अनुदानाचा शेवटचा हप्ता पाहणी होऊन यायला वर्ष लागलं, म्हणून नाव आत्ता आलं. पाइप मी गेल्या वर्षी आषाढाच्या सुरुवातीलाच जोडला होता. गेल्या वर्षीच्या कानबाईच्या आधी. तेव्हा माझ्याही मनात किंतु होता, म्हणून मी आबांना जे आत्ता सुचलं तेच केलं. कानबाईच्या आधी पंधरा दिवस संडासाला कुलूप लावलं आणि तुझ्या वहिनीला पुन्हा रस्त्यावर पाठवलं. एका पहाटे ती लवकर परतली नाही म्हणून मी बघायला गेलो तर बांधावर बसली होती, गुडघा धरून, पावसात, लुगड्याला चिखल. मी हात देऊन उठवली. मला वाटत होतं हे आपण देवीसाठी करतो आहोत. मग कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, गहू दळून झालेले, आणि गवंडी शेगडीचा नळ बघायला आला. त्याने दाराला कुलूप पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं. तो हसायला लागला. “नाना, आज टाकेल माल दीड महिना गॅस देस. तुमी कुलूप कोनले लावं?” म्हणजे पंधरा दिवसांच्या कुलपाने काहीच झालं नव्हतं. तुझी वहिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, “मंग मी पंधरा दिन कसाले गऊ?” मी देवघरात गेलो आणि कानबाईला सांगितलं की आई, जे आहे ते हे आहे, तुझ्यापासून काही लपलेलं नाही. मग कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच जाळावर रोट झाले, खीर झाली, आणि तुम्ही सगळे जेवलात. आबांनी खीर दोनदा मागून घेतली. तू म्हणालास की यंदा पहिल्यांदा पोळीला धुराचा वास नाही. त्याच रोटाचा तुकडा तोंडात घालून सुनंदाने पदर पसरला. देवीने ऐकलं असं तू लिहितोस, मीही तेच मानतो. माझी चूक एकच, मी तिला सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. माणसांना घाबरलो. यंदा घाबरणार नाही. नारळ मी कुणाला देणार नाही. कानबाईच्या आदल्या दिवशी, सतरा तारखेला सकाळी अकराही घरांतले पुरुष आपापल्या नावाचे रोटाचे गहू मुठीने मोजून टोपलीत टाकायला माझ्या ओट्यावर येतील, किंवा येणार नाहीत. जे येतील त्यांना गहू टाकायच्या आधी मी हे सगळं सांगणार आहे, गेल्या वर्षीचंही. ज्याला मूठ परत न्यायची असेल त्याने खुशाल न्यावी. एकट्या माझ्या मुठीचा रोट झाला तर एकच होईल, कानबाई तेवढ्यावरही बसेल. पण तू माझा भाऊ, हे तुला दहा माणसांत कळू नये म्हणून आधी लिहिलं. तुझ्या आणि भटूच्या नावाची मूठ टाकू की नको, तेवढं पंचमीच्या आत कळव. पोरीचं मात्र विचारत नाही. आपल्यात मुलींच्या नावाची मूठ टाकत नाहीत हे मला माहीत आहे. तिची मी टाकणार.

तुझाच, तू ये किंवा येऊ नकोस,
लीलाधर नाना